मालक कोण?

आमच्या कचेरीखाली वडापावच्या गाडीपाशी दुपारी डिलिव्हरीची पोरं थांबतात. हँडलला मोबाइल, पावसाळा म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, नजर पुढच्या ऑर्डरवर. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाचा आयडी अचानक बंद झाला. का, हे विचारायला माणूस सापडेना. ॲपवर तीच ती ठरावीक उत्तरं. कंपनीच्या लेखी तो कामगार नाहीच, ‘पार्टनर’ आहे. कसली भागीदारी, देव जाणे!

एकच एक मालक नाही म्हणून हक्क नाहीत, हे आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलायचा, दुपारी दुसऱ्याची. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची. त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ, आणि त्या खोट्या नाहीत. पण हमालाच्या नावाचं खातं तरी उघडलं.

ॲपवरच्या कामगारांसाठी २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. ठीक. आयडी बंद करण्यावर मात्र तिचा धाक नाही. कर्नाटकच्या २०२५च्या कायद्याने कारण आणि १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा सर्वांत आधी, २०२३मध्ये, केला राजस्थानने. माथाडी कायदा ज्या महाराष्ट्रात जन्मला, तिथे असा कायदा आधी व्हायला हवा होता.

तो पोरगा सध्या चुलतभावाच्या आयडीवर गाडी चालवतो.