किनारा फिरणाऱ्यांचा की राबणाऱ्यांचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गालगतचा विहारपथ लोकांसाठी खुला झाला, तेव्हा समुद्र आता सर्वसामान्यांचा झाला, अशी भाषा ऐकू येऊ लागली. या भाषेलाच आमचा आक्षेप आहे. किनारा पूर्वीपासूनच सर्वसामान्यांचा होता. त्यांपैकी जे तेथे राबत होते त्यांना बाजूला सारून तो फिरणाऱ्यांच्या हवाली करण्यात आला, एवढेच घडले. आणि हे ज्यांच्या नावाने घडले, त्या 'जनते'त कारंजा लाडसारख्या, समुद्रापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या गावचे आपणही मोडतो. म्हणून बोलणे प्राप्त आहे.

कारंज्याच्या माणसाला भरती-ओहोटीचे काय, असे कोणी विचारील. विचारणे स्वाभाविक आहे. आमच्या अडाण नदीचे पाणीसुद्धा पैनगंगा, वर्धा, गोदावरी असा प्रवास करीत पूर्वेच्या समुद्राला मिळते. मुंबईच्या समुद्राकडे ते जातच नाही. (उरणजवळ कारंजा नावाचे मासेमारीचे बंदर आहे. ते कारंजा निराळे आणि आमचे निराळे, हे आम्हांला परगावी नेहमी सांगावे लागते.) तरीही दोन धाग्यांनी आपण त्या किनाऱ्याशी बांधलेले आहोत. एक धागा नवा आहे. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि कारंज्याहून गाडीने निघालेले कुटुंब त्याच दिवशी मुंबईच्या कठड्यावर बसून लाटा पाहू लागले. दुसरा धागा जुना आहे, आणि आमच्या मते अधिक मोलाचा. विदर्भाच्या आठवडी बाजारांत सुकट आणि वाळलेले बोंबील घेऊन बसणाऱ्या बायकांची रांग कोणी पाहिलेली नाही? प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरांत हाच बोंबील तव्यावर पडतो. तो जेथे वाळतो ती जागा म्हणजे किनारा. महामार्ग आणि विहारपथ यांच्या कौतुकात ही जागा मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

बोंबील आणि जवळा पकडण्याची रीत पाहिली म्हणजे भरती-ओहोटी हे कोळ्याच्या दृष्टीने काय प्रकरण आहे ते कळते. डोल जाळे हे पाण्यात एका जागी रोवलेले, पिशवीसारखे जाळे. कोळी माशाचा पाठलाग करीत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह मासे आत लोटतो, आणि प्रवाह थंडावला की जाळे उचलायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ओढ जोराची असते, जाळे भरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी जणू आळसावते. त्यामुळे कोळ्याचे पंचांग भिंतीवरचे नव्हे, पाण्यातले असते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला माध्यान्हीच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे शास्त्र त्या पाऊणपटीत सामावलेले आहे. शेतकऱ्याच्या मृगनक्षत्रासारखेच हे ज्ञान आहे, आणि आपल्या वऱ्हाडी वाचकाला त्याची किंमत निराळी सांगावी लागू नये.

ओहोटीला पाणी मागे हटले म्हणजे खडक उघडे पडतात. त्या दोन-तीन तासांत कोळणी कालवे फोडतात, तिसऱ्या वेचतात, खेकडे धरतात. त्यासाठी नाव लागत नाही की भांडवल लागत नाही. गुडघाभर पाणी आणि अनुभवी हात पुरतात. घरातल्या सर्वांत गरीब बाईची मिळकत या खडकांवर असते. कागदावर मात्र ही जमीन कोणाचीच नसते : अर्धा दिवस समुद्र, अर्धा दिवस भूमी. जी कोणाच्याच नावावर नाही ती रिकामी आहे असे समजून तिच्यावर भराव टाकला जातो. सागरी मार्गाच्या दक्षिण टप्प्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव घालण्यात आला. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्याची व्यवस्था २०२० मध्ये झाली. कालवे वेचणाऱ्या बायकांना उचलून लावण्यासाठी दुसरा खडक मात्र कोणी शोधल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ही जमीन खरोखर कोणाची नाही काय? या प्रश्नाचे उत्तर दीड हजार वर्षांपूर्वीच दिले गेले आहे, तेही एका ख्रिस्ती सम्राटाच्या संहितेत. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळे समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या आहेत असे म्हटले आहे. किनारा कोठवर, तर हिवाळ्यातील मोठ्यात मोठी लाट पोचते तेथवर. आणि त्या किनाऱ्यावर काय करण्याची मुभा आहे? खोपट बांधावे, जाळी वाळवावीत, समुद्रातून जाळे ओढावे. सार्वजनिक हक्क म्हणताच त्या कायदेपंडितांना पहिल्याने आठवले ते जाळे! सहल त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात हेच तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले : समुद्रकिनारा, वाहते पाणी, वने यांचे शासन हे विश्वस्त आहे. किनारपट्टी नियमनाची २०११ ची अधिसूचनासुद्धा मोजमाप भरतीरेषेपासूनच करीत होती. तिच्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि रस्त्यांसाठी भरावाची वाट मोकळी झाली. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या मार्गाची परवानगी रद्द ठरवली. अर्जदारांत वरळीचे मच्छीमार होते. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले.

वरळीच्या कोळ्यांनी त्यानंतर काय मागितले, हे वाचकांनी नीट पाहावे. रस्ता नको, असा हट्ट त्यांनी धरला नाही. क्लीव्हलंड बंदरातून नावा जेथून जातात तेथे पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटरांचे अंतर ठेवलेले होते, ते वाढवा, एवढेच त्यांचे म्हणणे. उधाणाच्या ओढीत आणि वाऱ्यात लहान नाव सरळ रेषेत जात नसते, ती बाजूला फेकली जाते. मधली वाट अरुंद असली तर खांबावर आदळते. कागदावर रेषा ओढणाऱ्याला हे दिसत नाही, नाखव्याला दिसते. २०२१ मध्ये कोळ्यांनी आपल्या नावा आडव्या घालून काम अडवले, तेव्हा कोठे त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून १२० मीटरांचे अंतर मान्य झाले. मागितले होते त्याहून ते कमीच. शासन विश्वस्त आहे खरे. पण विश्वस्तापुढे आपले गाऱ्हाणे नेण्यासाठी नाव आडवी घालावी लागते.

विहारपथाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्या शहरात, संध्याकाळी फुकट वारा मिळणारी जागा ही चैन नव्हे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर हमाल आणि शेठ शेजारी बसतात, यात एक प्रकारची समता आहे आणि आम्ही तिचा आदर करतो. परंतु मरीन ड्राइव्हचाही इतिहास आहे. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावातील गैरकारभारावर खुर्शेद नरिमन यांनी टीकेची झोड उठवली, त्यापायी अब्रुनुकसानीच्या खटल्याला तोंड दिले आणि ते त्यातून सुटले. पुढे त्याच किनाऱ्यावर आणखी भराव पडला आणि त्याला नरिमन पॉइंट असे नाव देण्यात आले. भरावाचा हिशेब मागणाऱ्याचा गौरव करण्याची ही तऱ्हा और म्हटली पाहिजे.

शिवाय कठड्यावरून समुद्र पाहणाऱ्याला समुद्र कळतो असेही नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर छायाचित्र काढताना मुली पाण्यात ओढल्या गेल्या. एक बुडाली, आणि वाचवायला उडी घेतलेला माणूसही परतला नाही. ओहोटीला कोरडा असलेला खडक भरतीला चहूबाजूंनी वेढला जातो, हे कोळ्याच्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असते. शहराचेही तसेच. मुंबईतील पावसाच्या पाण्याची अनेक मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की दारे बंद करून पाणी पंपांनी उपसावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दुपारी भरती होती, शहर बुडाले. भरतीला जागा ठेवायची की भिंत बांधायची, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येकाच्या दारात येऊन उभा राहिला होता.

आता आपल्या ख्रिस्तसभेविषयी. प्रभू येशूने पहिले शिष्य निवडले ते जाळी टाकणारे आणि जाळी नीट करणारे होते. पेत्र आणि अंद्रिया, याकोब आणि योहान. गालील हे गोड्या पाण्याचे सरोवर, तेथे जाणवेल अशी भरती-ओहोटी नाही. पण काठ हेच त्यांचेही कामाचे ठिकाण होते. वांद्र्याचे चर्च संत अंद्रियाच्या नावाने किनाऱ्याला उभे आहे आणि त्याच्या शेजारी चिंबईचा ख्रिस्ती कोळीवाडा आहे. मढजवळ एरंगळच्या पुळणीवर संत बोनाव्हेंचरच्या सणाला जानेवारीत गर्दी लोटते. म्हणजे ज्यांचा किनारा जातो आहे त्यांत आपलेच धर्मबंधू आणि धर्मभगिनी आहेत; आणि नसते तरी आमचे म्हणणे बदलले नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात सृष्टीला सर्वांचे सामायिक घर म्हटले. आपल्या धर्मग्रामांत त्यावर प्रवचने झाली, झाडे लावली गेली, छायाचित्रे छापून आली. वरळीच्या कोळ्यांसाठी मिस्सेत एक विनंती-प्रार्थना कितीजणांनी ऐकली?

जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभेत 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो. विदर्भात तो येतो आणि जातो, कारण येथे सागर नाही, अशी आपली समजूत. आमची सूचना अशी की अमरावती धर्मप्रांतातल्या धर्मग्रामांनी तो पाळावा, आणि त्या दिवशी आपल्या बाजारात सुकट विकणाऱ्या बाईला माल कोठून येतो, तो आता कमी का येतो किंवा महाग का झाला, हे विचारून यावे. सागरी मार्ग वर्सोव्याहून उत्तरेकडे भाईंदरपर्यंत नेण्याची आखणी आहे. मढ, मनोरी, गोराई हा सारा मुलूख त्या बाजूचा. अशा कामांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा कारंज्याच्या नागरिकाचे पत्रही टपालाने पोचते. 'महाराष्ट्राच्या जनतेसाठी' हे शब्द जेथे छापलेले असतील तेथे, आमच्यासाठी बोंबील वाळवण्याची जागा राखा, विहारपथ त्यानंतर, असे या जनतेपैकी काहींनी स्वाक्षरीनिशी कळवावे. आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईची सहल निघेल तेव्हा तिथी पाहून निघावे. अष्टमीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास खडक उघडे असतात. कालवे वेचणाऱ्या बायका उरलेल्या खडकांवर तेव्हा भेटतील.