तोंड आलं की पेरूचा पाला

आमच्या इंदापूर तालुक्यात बांधाला पेरू असतोच. तोंड आलं की सासूबाई कोवळी दोन पानं आणायच्या, चावून रस गालात धरायला लावायच्या. तुरटपणानं जीभ आखडायची, पण थोड्या वेळानं आग कमी व्हायची, भाकरी गिळता यायची. या पाल्यात टॅनिन आणि क्वेर्सेटिन असतं, ते सूज उतरवायला मदत करतं, हे लेकीच्या फार्मसीच्या पुस्तकात वाचलं.

मात्र साधा फोड ७ ते १४ दिवसांत आपोआपही भरतो. मग गुण पाल्याचा की दिवसांचा? बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं काही रुग्णांना अर्क, काहींना नुसतं मलम देऊन हे मोजून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण माझ्या चुलतदिरांच्या गालात, तंबाखूची गोळी धरायची त्याच जागी, पांढरा चट्टा होता. तीन महिने ते पाला चावत राहिले, आणि आणून मीच देत होते. तो सल जात नाही. तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांनाच दाखवायची असते.

आता घरात कुणाचं तोंड आलं की आधी कॅलेंडरवर तारखेला गोल करते, मग पाला तोडायला जाते.