खंडकऱ्यांना जमीन मिळाली, मालकीचे काय?

एरवी ‘खंडकरी’ म्हटले की खंड भरून दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस डोळ्यासमोर यावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर, राहाता आणि कोपरगाव तालुक्यांत मात्र जमीन खंडाने देणारा मूळ मालकच खंडकरी म्हणून ओळखला जातो. शब्दाच्या या उलटापालटीतच शतकभर चिघळलेल्या वादाचे मर्म आहे.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे पाणी आल्यानंतर, १९२० च्या आगेमागे, खासगी साखर कंपन्यांनी या पट्ट्यात उसाचे मळे उभारले. हरेगाव, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी ही नावे त्यातूनच नकाशावर आली. शेतकऱ्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने जमिनी दिल्या. मालकी शेतकऱ्याची, वहिवाट कंपनीची, आणि मुदत संपली की जमीन परत, असा हा साधा व्यवहार होता.

तो उधळला गेला १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने. या कायद्यात जमीन ‘धारण करणे’ म्हणजे मालक किंवा कूळ या नात्याने ती कायदेशीरपणे प्रत्यक्ष ताब्यात असणे. ताबा कंपनीचा, म्हणून धारणाही कंपनीची. साहजिकच कंपन्यांच्या स्वतःच्या जमिनींबरोबर खंडाच्या जमिनीही अतिरिक्त ठरून शासनाकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपविण्यात आल्या. मोठ्या जमीनदारांसाठी उगारलेला बडगा असा दहा-वीस एकरांच्या मालकावर पडला. कायद्याचा हेतू पुरोगामी होता, हे मान्य करूनही हा अन्याय नाकारता येत नाही.

प्रदीर्घ आंदोलने व न्यायालयीन लढाईनंतर २०१२ पासून जमिनींचे वाटप सुरू झाले. तो क्षण ऐतिहासिक होता, यात शंका नाही. परंतु शासनाने जमीन ‘परत’ केली नाही, ती ‘प्रदान’ केली. कमाल मर्यादेचे बंधन कायम राहिले. बारमाही पाण्याच्या जमिनीला ही मर्यादा १८ एकर, तर कोरडवाहूला ५४ एकर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा पडला. वर्ग २ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही. आजोबा निर्वेध मालक होते, नातू शासनाचा लाभार्थी झाला. या जमिनी वर्ग १ करण्याची मागणी त्यामुळेच लावून धरली गेली आणि अखेर शासनाला तिची दखल घ्यावी लागली.

या वादाला तिसरा पक्षही आहे. महामंडळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेले कामगार चाळींतून राहत आले आहेत. घरासाठी दोन गुंठे जागा द्या, ही त्यांची जुनी मागणी. खासगी जमिनीवर प्रतिकूल कब्जा सांगण्यास मुदत कायद्यानुसार १२ वर्षे लागतात, तर शासनाच्या जमिनीवर ३०. पण कामगाराचे राहणे नोकरीच्या नात्याने, म्हणजे मालकाच्या परवानगीने झालेले. परवानगीचा वास कितीही वर्षांचा असला तरी प्रतिकूल कब्जा ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा कामगार खंडकऱ्यापेक्षाही दुबळा आहे. हरेगाव परिसरातील नऊ गावांच्या आकारी पडीक जमिनींचे, म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनींचे, वारसदार आणखी वेगळे.

वाटपानंतरची रोजची कटकट मात्र रस्त्याची आणि चारीची आहे. मळ्यांची आखणी एकाच मालकासाठी झालेली होती. एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाणारी गाडीवाट आणि पाण्याची चारी आज निरनिराळ्या मालकांच्या बांधांतून जाते. एकाने वाट नांगरली किंवा चारी बुजवली की खालच्याचा ऊस अडतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार अशा अडथळ्याविरुद्ध तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. तडजोडीची वाट पाहत बसणाऱ्याची ही मुदत हातची जाते आणि मग दिवाणी न्यायालयाच्या तारखा सुरू होतात. मोजणीच्या वेळीच या वाटा आणि चाऱ्या गाव नकाशावर आणल्या असत्या, तर यातील बरेच दावे उभेच राहिले नसते. ते काम भूमी अभिलेख विभागाला आजही करता येण्याजोगे आहे.