सिस्टरला ‘जमणार नाही’ म्हणता आलं पाहिजे

परिचारिकांचं मनोबल वाढावं म्हणून योग-ध्यानाची शिबिरं भरवली जातात. त्यांना विरोध असण्याचं कारण नाही, पण मनोबल खचतं ते वॉर्डात. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं पगारासाठी रोज वागावं लागलं की माणूस आतून झिजतो, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या अभ्यासातून दाखवलं. जळगाव-धुळ्याच्या शासकीय रुग्णालयांतल्या सिस्टरांना हेच जास्त जाचतं. चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीकडून आलेला रुग्ण, अहिराणी नाहीतर पावरीत विचारणारे धास्तावलेले नातेवाईक, या सगळ्यांना धीर द्यायचा तो तिनेच. शिकवणाऱ्या रुग्णालयात साधारण तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. रात्रपाळीला एकटीवर अख्खा वॉर्ड पडतो, हे गाऱ्हाणं मात्र राज्यभर जुनंच आहे. तरीही इन्चार्जला सांगायचं, ‘सगळं ठीक आहे.’ हे खोटं बोलायला लावणं थांबवल्याशिवाय कुठलंही शिबिर उपयोगाचं नाही.

मग तिने आपला थकवा रुग्णापुढे मांडायचा का? मुळीच नाही. खाटेशेजारचा शांतपणा हा तिच्या कौशल्याचाच भाग आहे. खरं बोलण्याची जागा पाळी बदलताना ओव्हर देतेवेळी, अधिसेविकेच्या खोलीत, अधिष्ठात्यांच्या बैठकीत हवी. चुका सांगायची मुभा दिली तर बेफिकिरी वाढेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत उलटंच आढळलं: चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या कोरोनाबाधित महिलेचा मृतदेह काही दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचं निलंबन झालं. एवढ्या भयंकर घटनेनंतर जबाबदारी ठरवायलाच हवी होती. मात्र कारवाईच्या भीतीने पुढचा वॉर्ड अधिक गप्प झाला, तर पुढचा रुग्ण अधिक सुरक्षित कसा होणार?

नातेवाइकांकडून मारहाण होण्याची भीतीही खोटी नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावाने मारहाण केली होती. म्हणूनच सुरक्षारक्षक आणि रिक्त पदांची कायमस्वरूपी भरती आधी हवी. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्या कायमस्वरूपी भरतीच मागत होत्या. सोबत प्रत्येक पाळीला एक वही ठेवावी: आज किती रुग्ण, किती सिस्टर, काय राहून गेलं. त्या वहीतली प्रामाणिक नोंद शिस्तभंगाच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरणार नाही, असं लेखी परिपत्रक दोन्ही अधिष्ठात्यांनी काढावं.