डॉक्टर होणाऱ्या मुलांना गप्प बसवू नका

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामू, वैद्यकीय विद्यार्थ्यांचं एक राष्ट्रीय संमेलन आहे. टीबीच्या औषधांवर त्यात दोन दिवसांचं शिबिर आहे. मला जायचंय. अम्मी नाही म्हणतेय. तुम्ही समजवा ना तिला."

मी तिला जे उत्तर दिले, ते आपल्यापैकी बहुतेक मामू, चाचा आणि अब्बूंनी दिले असते. "आधी पास हो. पीजीची तयारी कर. जगाच्या आरोग्याची काळजी करायला जग आहे."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात पॉवरलूमवर काम करणारी एक बाई येते. तिला महिन्याच्या गोळ्या मिळायला हव्या होत्या, आठवड्याच्या मिळाल्या. तिने मला विचारलं, बाकीच्या कधी येणार? मला सांगता आलं नाही. हे कुणाला विचारायचं असतं, तेच शिकायला जातेय मी."

मला पुढे बोलता आले नाही. त्या रात्री मी या विषयावर वाचायला बसलो. आज या संपादकीयात जे लिहितो आहे, ते त्या वाचनातून आणि माझ्या त्या चुकीच्या उत्तरातून आलेले आहे.

प्रथम या संमेलनांविषयी. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1951 साली कोपनहेगनमध्ये स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांची रुग्णालये पाहावीत, एकमेकांकडून शिकावे, अशी ती सुरुवात होती. आज या महासंघाचे जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध आहेत. दरवर्षी मे महिन्यात जिनिव्हामध्ये जागतिक आरोग्य सभा भरते, तेव्हा सदस्य देशांच्या प्रतिनिधींसमोर या विद्यार्थ्यांनाही आपले म्हणणे मांडता येते. भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची संघटनाही या महासंघाची सदस्य आहे.

या कार्यक्रमांवर टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात प्रमाणपत्र, मागे फलक आणि समोर मोबाईल, एवढ्यावर अनेकांचे संमेलन संपते. जिनिव्हाचे तिकीट, व्हिसा आणि तिथला मुक्काम ज्यांना परवडतो, तीच मुले बहुधा तिथे पोहोचतात. ज्या वस्तीत आजार आहे, त्या वस्तीतला विद्यार्थी सभागृहात नसतो. पण यावरून 'हे सगळे वायफळ आहे' असा निष्कर्ष काढणारा माणूस 2001 सालची एक गोष्ट विसरतो.

त्या काळी दक्षिण आफ्रिकेत एड्सने घरेच्या घरे रिकामी होत होती. औषधे होती, पण पेटंटधारक कंपन्यांच्या दराने एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात होता. या औषधांपैकी एकाचे नाव स्टॅव्ह्युडिन. एचआयव्हीवर ते चालते, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि ताय-शुन लिन यांनी दाखवले होते. त्या वापराचे पेटंट विद्यापीठाकडे होते. विक्रीचा एकाधिकार मात्र विद्यापीठाने ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला दिला होता आणि त्यातून विद्यापीठाला वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळत होते.

2001 च्या सुरुवातीला डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने येलला विचारले, दक्षिण आफ्रिकेत आम्ही याच औषधाची स्वस्त जेनेरिक आवृत्ती आणली तर चालेल का? विद्यापीठाने कराराकडे बोट दाखवले. तेव्हा एमी कॅपचिन्स्की ही कायद्याची विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी कामाला लागले. त्यांनी विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापकांच्या सह्या गोळा केल्या. औषध शोधणाऱ्या प्रुसॉफ यांच्याकडे ते गेले, आणि त्या वृद्ध शास्त्रज्ञाने आपले औषध गरिबांना मिळावे असे जाहीरपणे म्हटले. वृत्तपत्रांत बातम्या आल्या. मार्च 2001 मध्ये कंपनीने जाहीर केले की दक्षिण आफ्रिकेत या औषधाच्या जेनेरिक आवृत्तीला आम्ही पेटंटच्या आधारे अडवणार नाही.

हे सगळे विद्यार्थ्यांनीच केले असे म्हणणे खोटे ठरेल. दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण रस्त्यावर होते, प्रिटोरियाच्या न्यायालयात औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारवर केलेला खटला चालू होता, आणि जगाचे लक्ष तिकडे होते. पण विद्यापीठाच्या आत उभे राहून विद्यापीठालाच प्रश्न विचारणे फक्त विद्यार्थ्यांना शक्य होते, आणि त्यांनी ते केले. त्यातूनच आवश्यक औषधांसाठी काम करणारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. वैद्यकीय विद्यार्थी आजही तिच्यात काम करतात.

या गोष्टीचा दुसरा धागा आपल्या मुंबईत आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत सिप्ला कंपनी सुरू केली. फेब्रुवारी 2001 मध्ये त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सला कळवले की एड्सच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार आम्ही एका रुग्णामागे 350 डॉलरमध्ये देऊ. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. त्या तीन औषधांतले एक स्टॅव्ह्युडिनच होते. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले होते, म्हणून सिप्लाला ते बनवता आले. मुंबईत गोळी तयार होती. दक्षिण आफ्रिकेतला दरवाजा उघडायला कायदा आणि करार आड येत होते. तो दरवाजा ज्यांनी ढकलला, त्यांत येलचे हे विद्यार्थीही होते. पुढे दुष्परिणामांमुळे स्टॅव्ह्युडिन मागे पडले आणि त्याहून चांगली औषधे आली, पण जेनेरिक औषधांनी उघडलेली वाट उघडीच राहिली.

मी सॉफ्टवेअर लिहितो, औषधांतले मला कळत नाही. पण परवाना म्हणजे काय, ते कळते. आमच्या क्षेत्रात एखादा प्रोग्राम किती लोकांच्या उपयोगी पडेल, हे तो किती चांगला लिहिला आहे एवढ्यावरच ठरत नाही. त्याच्या परवान्यात कोणाला काय करण्याची मुभा आहे, त्यावरही ते ठरते. औषधाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेतला शोध आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांच्यामध्ये करार, पेटंट, निविदा, पुरवठा आणि साठा अशा अनेक पायऱ्या असतात. एमबीबीएसच्या पुस्तकात गोळीचा डोस शिकवतात. या पायऱ्या शिकायला विद्यार्थ्याला वर्गाबाहेरच जावे लागते. माझी भाची तेच सांगत होती.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर बेडाक्विलिनचे पाहा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे हे औषध आहे. त्याचे मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होते, पण त्याच औषधाच्या एका क्षारावर वेगळे पेटंट घेऊन जॉन्सन अँड जॉन्सनला ही मुदत आणखी चार वर्षे वाढवायची होती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी 2019 मध्ये याला हरकत घेतली. दोघींनाही क्षयरोग झाला होता आणि जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. या दोघी डॉक्टर नव्हत्या. त्यांनी आजार भोगला होता, आणि हरकत कुठे, कशी नोंदवायची याची माहिती असलेले लोक त्यांच्यासोबत उभे राहिले. जागतिक आरोग्याच्या कामात विद्यार्थ्याची जागा इथेच असते, रुग्णाच्या शेजारी, कागदपत्र समजून घेऊन.

आता घराकडे येऊ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. मार्च 2024 मध्ये क्षयाच्या काही औषधांचा पुरवठा इतका विस्कळीत झाला होता की केंद्राने राज्यांना काही काळासाठी स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. क्षयाचा उपचार मध्येच तुटला तर जंतू औषधाला सरावतात आणि पुढचा उपचार अधिक लांब, महाग आणि त्रासाचा होतो. आठवड्याच्या गोळ्या घेऊन परत गेलेल्या त्या बाईच्या बाबतीत पणाला काय लागले आहे, ते यावरून समजावे. यंत्रमागाची धूळ, एका खोलीत सात माणसे, अर्धपोटी काम. या आजाराचे पत्ते आपल्याला ठाऊक आहेत, त्यांतले बरेच आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत.

म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी संमेलनातून परत येताना एक प्रश्न सोबत आणावा आणि तो आपल्याच रुग्णालयात विचारावा. आपल्या केंद्रावर कोणते औषध किती दिवस पुरेल, ही नोंद कोण ठेवते? निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 वरून 1000 रुपये झाले, ते आपल्या रुग्णांच्या खात्यात खरोखर पोहोचतात का? नसतील तर अडते कुठे, बँक खात्यावर की नोंदणीवर? वॉर्डात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना एन-95 मास्क मिळतात का? उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार कायदा आहे. येलच्या विद्यार्थ्यांनीही साऱ्या जगाला प्रश्न विचारला नव्हता. एका औषधाबद्दल, एका कराराबद्दल, आपल्याच विद्यापीठाला विचारला होता.

आता आपापसात बोलायची गोष्ट. माझी आपा नाही म्हणाली, त्यामागे खर्च नव्हता. ती मला म्हणाली, "तिचं नाव काय आहे ते विसरू नकोस. प्रश्न विचारला म्हणून कुणी मनात धरलं तर? प्रॅक्टिकलला अडवलं तर?" ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या घराघरांत ती आहे, हिजाब घेणाऱ्या मुलीच्या आईला ती जास्त आहे. पण या भीतीचा इलाज मुलीला एकटी पाडून, गप्प बसवून होत नाही. एकटीने तोंडी तक्रार करण्यापेक्षा पाच जणांनी मिळून, सगळ्या समाजांतल्या वर्गमित्रांना सोबत घेऊन, एखाद्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली, लेखी आणि आकड्यांनिशी विचारलेला प्रश्न अधिक सुरक्षित असतो आणि अधिक परिणामकारकही. रुग्णाचे नाव आणि फोटो कुठेही बाहेर जाता कामा नये, ही अट मात्र पाळलीच पाहिजे.

आपल्याकडे फर्ज-ए-किफाया ही कल्पना आहे. जे काम समाजातल्या काहींनी केले तर सर्वांची जबाबदारी पूर्ण होते आणि कोणीच केले नाही तर सर्व जण दोषी ठरतात, ते काम. मय्यतची नमाज आपण याच भावनेने अदा करतो. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी रांगेत उभे राहणारा मोहल्ला, तो जिवंत असताना त्याच्या औषधासाठी कोणी बोलावे म्हणून काय करतो? वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्या संस्था फी भरतात, शिष्यवृत्त्या देतात, नीटचे मोफत वर्ग चालवतात. अल्लाह त्यांना याचा अज्र देवो. पण प्रवेश मिळाल्यावर सत्कार होतो, शाल-पुष्पगुच्छाचा फोटो निघतो आणि आपला संबंध संपतो. नंतर त्या मुलाने रुग्णासाठी तोंड उघडले तर आपणच त्याला मागे ओढतो.

माझी सूचना साधी आहे. आपल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी थोडी रक्कम विद्यार्थ्यांच्या अशा प्रशिक्षणासाठी आणि संमेलनांच्या प्रवासासाठी वेगळी ठेवावी, आणि ती जिनिव्हापेक्षा आधी मुंबई, नागपूर, दिल्लीसाठी वापरावी. ज्याला ती मिळेल, त्याने परत येऊन मोहल्ल्यात एक बैठक घ्यावी आणि आपल्या रुग्णालयाला विचारायचा एक प्रश्न सर्वांसमोर मांडावा. वकील, पत्रकार आणि माझ्यासारखे इंजिनिअर यांनी त्या विद्यार्थ्यांना अर्ज लिहायला आणि नोंदी ठेवायला मदत करावी. येलमध्ये सुरुवात कायद्याच्या विद्यार्थिनीने केली होती. हे काम एकट्या डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

भाचीचा निम्मा खर्च मी उचलला, उरलेला तिच्या अम्मीने. ती संमेलनाला जाऊन आली. प्रमाणपत्र तिने आणले आहे, ते आपाने कपाटात जपून ठेवले आहे. तिने आणि तिच्या चार वर्गमित्रांनी आता एक वही सुरू केली आहे. तिच्यात कोणत्या तारखेला कोणते औषध कमी पडले आणि किती रुग्ण अर्ध्या गोळ्या घेऊन परत गेले, एवढेच लिहिलेले असते. नाव कोणाचेही नाही. दोन महिन्यांच्या नोंदी त्यांनी विभागप्रमुखांकडे लेखी दिल्या आहेत.

उत्तर अजून आलेले नाही. पण या वेळी तिने फोन केला, तेव्हा मी तिला अभ्यासाचे विचारले आणि मग वहीचेही विचारले.