माटोळीतला मान

यंदा ज्येष्ठ अधिक आला, आणि गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेली गणेशाची चवथ यंदा १४ सप्टेंबरला येते आहे. अठरा दिवसांची ही सवड आपल्या घरांना मिळाली तशी शेताभातालाही मिळाली. आषाढ-श्रावणाचा कोसळता जोर ओसरून भाद्रपदातले ऊन-पावसाचे दिवस सुरू होतात तेव्हा डोंगरउतारांवर तेरडा फुललेला असतो, मांडवावरची तवशी पिवळी पडू लागतात आणि हळव्या भाताची कणसे दाण्याच्या भाराने झुकू लागतात. नव्याची कणसे आधी देवापुढे ठेवायची आणि मगच नवे धान्य तोंडी लावायचे, हा आपला रिवाज. उशिरा येणारी चवथ या रिवाजाच्या ओंजळीत भरल्या दाण्याचे कणीस ठेवते. पंचांग आणि शेत एकमेकांशी बोलूनच तारखा ठरवत असावेत, असे वाटायला लावणारे हे वर्ष आहे.

चवथ जवळ आली की गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीच्या वाड्यांवरची बंद घरे उघडू लागतात. पावसाने अंगणात धरलेले शेवाळ खरवडले जाते, भिंतींवरून रंगाचा हात फिरतो, माळ्यावरची मोठी भांडी खाली येतात. पणजीतले, मुंबई-पुण्यातले, आखातातले भाऊ बायकामुलांसह मूळ घराच्या ओसरीवर जमतात आणि सकाळी एका न्हाणीपुढे चार पिढ्यांची रांग लागते. नेवरीत सारण किती भरावे याबद्दल जावांची मते दरवर्षी निराळी असतात आणि दरवर्षी शेवटी थोरल्या सासूबाईंचेच चालते. हळदीच्या पानात पातोळ्या उकडत असतात, खतखत्यासाठी आणखी एक भाजी मिळते का म्हणून कोणीतरी परसात धाव घेते. वर्षभर फोनवर ख्यालीखुशाली विचारणारी माणसे दीड दिवस एकमेकांच्या पायांत पाय घालून वावरतात, थोडे रुसतात, पुष्कळ हसतात, आणि घर पुन्हा घर होते.

या धांदलीत एक काम मात्र घाईने उरकता येत नाही, ते म्हणजे माटोळी बांधणे. गणपतीच्या आसनावर छताला टांगलेली लाकडी चौकट आदल्या दिवशी धुऊन-पुसून तयार होते. घरातला जाणता माणूस स्टुलावर चढतो आणि खाली उभी असलेली मुले एकेक जिन्नस वर देत जातात. नारळाची पेंड आणि सुपारीचा कात्रा जड, म्हणून ते आधी आणि भक्कम गाठीने. त्यांच्यामध्ये चिबूड, तवसे, तोरंजन, आंबाडे, निरफणस. मग रानातला ऐवज येतो. कांगण्यांचे झुपके, पिळदार शेंगांची आयटी, आणि लालभडक कवंडळे. कुंभ्याच्या सालीचे दोर आधी भिजवून ठेवलेले असतात, म्हणजे गाठ आवळताना ते तुटत नाहीत. प्रत्येक गाठ बांधून झाली की तो माणूस हलकासा हिसका देऊन पाहतो, कारण खाली देव बसणार असतो. डावीकडे रंग कमी पडला, उजवीकडे भार जास्त झाला, असे खालून सांगणारे पुष्कळ असतात. वर चढलेला ऐकून घेतो आणि आपल्या हाताला पटेल तेच करतो.

या चौकटीकडे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, म्हणून तिच्यात किती मोठा विचार टांगलेला आहे हे कदाचित आपल्या ध्यानात येत नाही. माटोळी हा पावसाळ्याचा हजेरीपट आहे. कुळागराने काय दिले, मळ्याने काय दिले, परसाने आणि डोंगराने काय दिले, याची नोंद दरवर्षी देवाच्या माथ्यावर होते. ही नोंद कोणाचाही भाव विचारत नाही. बाजारात मोल असलेला नारळ आणि कोणी फुकट दिले तरी घेणार नाही असे रानफळ एकाच दोराने, एकाच उंचीवर बांधले जाते. कवंडळ तर खाण्याचे नव्हेच. तरीही त्याच्यावाचून माटोळी अपुरी वाटते. औषधी, आंबट, कडू, विषारी, नुसतेच देखणे, अशा साऱ्यांना त्या दिवशी सारखाच मान. जे आपल्या कामाचे नाही, तेही देवाचे आहे, आणि म्हणून त्यालाही इथे जागा आहे, हे आपल्या पूर्वजांनी ग्रंथात लिहून ठेवण्याऐवजी छताला टांगून ठेवले.

हाच मान चवथीच्या घरातही दिसतो. पंगतीला मिळवता मुलगा असतो आणि ज्याचे कुठेच बस्तान बसले नाही असा काकाही असतो. ऐकू न येणारी आत्या असते, लग्न न केलेला मामा असतो, कधीकाळी भांडून वेगळा झालेला चुलतभाऊ असतो. आरतीच्या वेळी कोण किती कमावतो हे कोणी विचारत नाही. काकांना घुमट वाजवता येतो, आत्याला जुनी आरती शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ असते. वर्षभर ज्यांची फारशी आठवण निघत नाही, त्यांच्यावाचून दीड दिवसांचे हे घर भरत नाही.

माटोळीत दिसणारे रानाशी असलेले आपले नाते संकटाच्या काळातही टिकले. पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत जेव्हा मूर्तिपूजेवर बंदी आली, तेव्हा काही घराण्यांनी कागदावरच्या चित्राची आणि पत्रीची पूजा सुरू केली, आणि ती परंपरा काही घरांत अजूनही चालू आहे. मूर्ती घडवता येईना तेव्हा रानातल्या पानांनीच देवाचे रूप घेतले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले. तोवर छळाचा तो जोर ओसरला होता, म्हणून आपल्याकडे मातीची मूर्ती आणि वरची माटोळी फारशी खंडित झाली नाही. मयेसारख्या गावांतल्या चित्रशाळांत चिकणमातीच्या मूर्तींना आकार देणारे हात आजही त्याच धाग्याचे एक टोक धरून आहेत.

मात्र हजेरी घेताना गैरहजर कोण, तेही पाहावे लागते. माटोळीच्या बाजारात डिचोलीला, साखळीला, म्हापशाला ज्या बाया पाट्या घेऊन बसतात, त्यांच्याशी दोन मिनिटे बोलले तरी कळते की पूर्वी घरामागच्या टेकडीवर मिळणाऱ्या वस्तूंसाठी आता फार लांब चालावे लागते. पावसात निसरड्या वाटेने डोंगर चढून, काट्यांतून हात घालून काढलेल्या त्या झुपक्याची किंमत ऐकून आपण घासाघीस करतो, तेव्हा आपण त्या पायपिटीचीच घासाघीस करत असतो. डिचोलीच्या कितीतरी टेकड्या खनिजासाठी कापल्या गेल्या. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा कित्येक घरांच्या चुलींना झळ लागली, तेही आपण पाहिले. मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि आज दूरचा मुलगा चवथीला पेडण्याच्या दारातच उतरतो, याचा आनंद खरा आहे. त्या सड्यावरची झाडे गेली, हेही तितकेच खरे आहे. गेल्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार नावाचा हत्ती मोपा-तांबोसेच्या बाजूला उतरला आणि शेतकऱ्यांच्या उभ्या पिकात शिरला. ज्यांचे पीक तुडवले गेले त्यांचे दुःख हलके करून सांगता येणार नाही. पण रानातला एक जीव आपल्या वाटेवर येऊन उभा राहतो, तेव्हा त्याची वाट कुठे अडली, हा प्रश्नही आपल्यालाच सोडवायचा असतो.

विकास हवा की रान हवे, असे भांडण लावून कोणाचेच भले होत नाही. रिवाज जपताना त्यात बदल कसा करावा, याचा धडा आपल्या घुमटानेच दिला आहे. घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई झाली, आणि आपले कारागीर बकरीच्या कातड्याकडे वळले. सुरुवातीला जुन्या कानांना तो नाद परका वाटला असेल. पण घोरपड वाचली, आरतीही थांबली नाही, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. परंपरा जिवंत असली की ती दुसऱ्या जिवासाठी जागा करून देते आणि तरीही स्वतःचा सूर सोडत नाही.

माटोळीच्या बाबतीतही हेच व्हायला हवे. कला व संस्कृती संचालनालयाच्या स्पर्धेमुळे शेकडो जिन्नसांची माहिती नव्या पिढीपर्यंत पोचते, हे मोलाचे काम आहे. त्या उत्साहात एवढे मात्र पाहावे की वेल मुळासकट उपटला जाऊ नये, फांदी मोडली जाऊ नये, आणि सगळी फळे एकाच वर्षी घरी येऊ नयेत. झुपक्यातली निम्मी फळे झाडावरच राहू दिली तर ती पाखरांच्या कामी येतील आणि बीही रुजेल. दुर्मीळ वस्तू एकच असली तरी माटोळीला पुरते, देव मोजायला बसत नाही. विसर्जनानंतर माटोळी सोडताना नारळ, सुपारी, फळे आपण घरोघर वाटतो. त्याच वेळी रानफळांच्या बिया पाण्यात किंवा कचऱ्यात न टाकता परसाच्या कडेला, कुंपणाशी, टेकडीच्या पायथ्याशी टाकल्या, तर भाद्रपदातली ओली माती पुढचे काम आपणहून करील.

आणि यंदा माटोळी बांधताना मुलांना केवळ वस्तू वर देण्याचे काम देऊ नये. आदल्या आठवड्यात एक सकाळ काढून त्यांना आजोबांबरोबर टेकडीवर पाठवावे. कोणते फळ कोणत्या वेलीला लागते, कोणत्याला हात लावायचा नाही, कोणती साल कशी सोलली की झाड मरत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. मोबाइलवर फोटो काढायचे असतील तर तिथे काढावेत, झाडासकट. जे मूल त्या झाडाला ओळखेल, ते उद्या टेकडी विकायला निघालेल्या माणसाला दोन प्रश्न तरी विचारील. आपल्या वाडवडिलांनी माटोळी आपल्या हाती भरलेली सोपवली. पुढच्या हातांत ती तशीच भरलेली द्यायची, एवढे आपल्या पिढीचे देणे आहे, आणि ते फेडायला १४ सप्टेंबरपर्यंत थांबण्याचीही गरज नाही.