पंक्चरचा भुर्दंड कोणावर?

भाड्याने घेतलेल्या मोटारीचे चाक वाटेत पंक्चर झाले, तर तो खर्च कोणी सोसावा? प्रश्न किरकोळ वाटेल. राज्यकारभाराचे मोठे विषय सोडून पंक्चरवर लेख कशाला, असेही कुणी म्हणेल. परंतु सामान्य नागरिकाची कायद्याशी गाठ पडते ती बहुधा अशाच किरकोळ रकमांच्या निमित्ताने. सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या फार थोडे लोक चढतात. अनामत रकमेतून कापले गेलेले पैसे मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सोडून दिलेले असतात. कधी घरमालकाकडे, कधी मंगल कार्यालयात, आणि अलीकडे स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. नेहमीच्या वापरात होणारे पंक्चर हा गाड्या भाड्याने देण्याच्या धंद्याचा खर्च आहे. तो ग्राहकाच्या अनामतीतून वसूल करणे अन्यायाचे आहे. आणि ही वसुली बिनबोभाट चालू राहते, याची जबाबदारी कंपन्यांइतकीच आपल्या प्रशासनाचीही आहे.

एक उदाहरण देतो. जून महिन्यात कामानिमित्त लखनौला मुक्काम होता. रविवारी स्वखर्चाने एक गाडी भाड्याने घेतली आणि हरदोई रस्त्याने मलिहाबादला गेलो. दशहरी आंब्याचा हा मुलूख. ऐन हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा आणि आंब्याच्या पेट्यांनी भरलेली वाहने. गावाच्या अलीकडे मागचे चाक बसले. स्टेपनी लावली. बाजारातल्या पंक्चरवाल्याने टायरमधून खिळा काढला, छिद्र बुजवले, दीडशे रुपये घेतले. संध्याकाळी गाडी परत केली तेव्हा ही हकीकत प्रामाणिकपणे सांगितली. कंपनीने अनामतीतून नव्या टायरचे ६,००० रुपये कापले. काउंटरवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, "साहब, सिस्टम में यही आता है." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, नियम त्याने केलेला नव्हता. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

मी तीन गोष्टी विचारल्या. नवा टायर घेतल्याचे बिल मिळेल काय? पैसे मी भरले, तर जुना टायर कोणाचा? आणि गाडी माझ्या ताब्यात दिली तेव्हा त्या टायरच्या खाचांची खोली किती होती? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. म्हणजे खोली मोजणे ही काही माझी विक्षिप्त मागणी नव्हे. तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. कंपनीकडे त्याची नोंदच नव्हती.

जोखीम कोणी घ्यावी, याचा धडा खरे तर त्याच मलिहाबादच्या बागांमध्ये मिळतो. तेथे अनेक बागाईतदार झाडाला मोहोर आला की त्या वर्षीचे पीक ठेकेदाराला विकून टाकतात. कोकणात हापूसची कलमे कराराने देतात, तसाच हा व्यवहार. पुढे वादळ आले, कैऱ्या गळाल्या, तर नुकसान ठेकेदाराचे. ठेकेदार ते सोसतो, कारण बागेची किंमत ठरवतानाच त्याने वादळाची शक्यता धरून कमी भाव दिलेला असतो. हा व्यवहार नेहमीच न्याय्य असतो असे मी म्हणत नाही. गरजू बागाईतदाराची त्यात पिळवणूकही होते. परंतु एक तत्त्व तेथे स्वच्छ पाळले जाते: जो जोखीम घेतो त्याला तिचा मोबदला मिळतो. गाडी भाड्याने देणारा मात्र भाडे पूर्ण घेतो आणि जोखीम ग्राहकाकडे ठेवतो.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार झालेला आहे. गुइडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात मांडलेले सूत्र असे, की नुकसान सर्वांत कमी खर्चात जो टाळू शकतो, त्याच्यावर त्याचा भार टाकावा. टायर किती झिजला आहे हे कोणाला माहीत असते? मालकाला. तो वेळेवर बदलणे कोणाच्या हाती? मालकाच्या. एका दिवसासाठी गाडी घेणारा ग्राहक यातले काय करू शकतो? रस्त्यावर पडलेला प्रत्येक खिळा पाहत गाडी चालवणे कोणालाही शक्य नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका कंपनीच्या १०० गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडीला वर्षात ५ पंक्चर होतात, म्हणजे एकूण ५००. त्यांपैकी ४५० दीडशे रुपयांत दुरुस्त होतात; खर्च ६७,५०० रुपये. उरलेल्या ५० वेळा टायरच बाद होतो. प्रत्येकी ६,००० प्रमाणे ३,००,००० रुपये. एकूण ३,६७,५०० रुपये. शंभर गाड्यांचे वर्षाचे दिवस होतात ३६,५००. म्हणजे गाडीमागे दिवसाला सुमारे १० रुपये. ही रक्कम भाड्यात मिळवली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. आकडे गृहीत आहेत. वाचकांनी दुप्पट धरून पाहावेत, निष्कर्ष बदलत नाही. कंपनीसाठी पंक्चर हा सरासरीने ठाऊक असलेला खर्च आहे. ग्राहकासाठी तो अचानक कोसळणारा दंड आहे.

यावर कंपन्यांचे दोन युक्तिवाद असतात. पहिला असा, की विमा कंपनी टायरचे पैसे देत नाही. हे खरे आहे. आपल्याकडील मोटार विम्यात गाडीचेही त्याच वेळी नुकसान झालेले नसेल, तर केवळ टायरची भरपाई मिळत नाही. झालेले असेल तरी टायर बदलण्याच्या खर्चाच्या निम्मीच मिळते. परंतु विमा कंपनी असे का करते? कारण टायरची झीज हा वाहन बाळगण्याचा नित्याचा खर्च आहे, आकस्मिक संकट नव्हे. ज्या कारणाने विमा कंपनी हा खर्च नाकारते, नेमक्या त्याच कारणाने तो मालकाच्या खाती पडायला हवा.

दुसरा युक्तिवाद असा, की मालकाने सगळे सोसले तर ग्राहक बेफिकीर होईल. यात तथ्य आहे, पण मर्यादित. हवा गेलेल्या चाकावर तशीच गाडी दामटली, किंवा दगडावर चढवून टायरची बाजू फाडली, तर तो ग्राहकाचा दोष. त्याने भरपाई द्यावी. खिळ्याचे छिद्र कुठे असते आणि फाटलेली बाजू कशी दिसते, हे कोणताही पंक्चरवाला एका नजरेत सांगतो. शिवाय बेफिकिरी उलट्या बाजूनेही येते, याकडे दुर्लक्ष होते. टायर बाद झाल्यावर नव्याची पूर्ण किंमत ग्राहकाकडून मिळणार असेल, तर मालकाने झिजलेला टायर स्वखर्चाने का बदलावा? तो शेवटच्या ग्राहकाची वाट पाहील. समजा, टायरचे आयुष्य ४०,००० किलोमीटर आहे आणि तो ३०,००० किलोमीटर चालून झाला आहे. ६,००० रुपयांच्या टायरमध्ये आता १,५०० रुपयांचेच मोल उरले. तरीही ६,००० वसूल झाले, तर आधीच्या सर्व ग्राहकांनी केलेली झीज शेवटच्याने भरली. याला भरपाई म्हणत नाहीत. रस्त्यावरील सुरक्षिततेलाही हे घातक आहे.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये याची उत्तरे आहेत. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीस तो जबाबदार नाही, असे कलम १५२ सांगते. भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे भाडेकऱ्याचे नुकसान झाले, तर तो दोष मालकाला माहीत असो वा नसो, जबाबदार मालकच, असे कलम १५० म्हणते. पळवाट आहे ती 'वेगळा करार नसेल तर' या शब्दांत. मोबाईलच्या पडद्यावर 'मान्य आहे' असे बोट टेकवून आपण जो करार करतो, तोच हा वेगळा करार.

तरीही कलम ७४ शिल्लक राहते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. फतेहचंद खटल्यात १९६३ साली आणि कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तर आणखी पुढे जातो. भरमसाट अनामत मागणे, किंवा नुकसानीच्या मानाने अगदी विषम दंड लावणे, यांना तो 'अनुचित करार' म्हणतो. विधी आयोगाने १९८४ आणि २००६ अशा दोन अहवालांत अनुचित करारांचा विषय हाताळला, तेव्हा कुठे ही व्याख्या कायद्यात आली.

आणि येथेच प्रशासनाची गफलत आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते आणि अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच आहे. जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तेथे सेवेतील त्रुटी म्हणून दाद मागता येते. परंतु त्यातून एका ग्राहकाचे पैसे परत मिळतील. अट तशीच राहील आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्राहकाला लागू होईल. सहा हजार रुपयांसाठी गडचिरोलीचा किंवा बलियाचा ग्राहक राज्य आयोगापर्यंत जाईल काय? कंपन्यांना याचे उत्तर पक्के ठाऊक आहे.

याची दुसरी बाजू मी नोकरीत पाहिली आहे. सरकारी कार्यालये मासिक भाड्याने गाड्या घेतात. त्यांच्या निविदांत इंधन, दुरुस्ती, देखभाल हे सर्व कंत्राटदाराकडे असते. गाडी बंद पडली तर दुसरी द्यायची. वेळेवर आली नाही तर दंड. पंक्चरचे बिल सरकारने दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेथे चालक कंत्राटदाराचा असतो, हा फरक मला मान्य आहे. पण खिळ्याला चालक कोणाचा हे कळत नाही. खरा फरक एवढाच, की तेथे करार सरकार लिहिते आणि येथे कंपनी. स्वतःसाठी योग्य अट लिहून घेणारे सरकार नागरिकासाठी तीच अट लिहायला तयार नाही, हे मला खटकते.

आणि हे अशक्य तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने गाड्या भाड्याने देणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांकडून नुकसानीची आकारणी आणि अनामत यांबाबत सुधारणेची हमी घेतली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांच्या सेवाशुल्काबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. उपाहारगृहाच्या बिलात लक्ष घालता येते, तर टायरच्या बिलात का नाही? परिवहन खात्याच्या हातीही साधन आहे: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ७५ खालील १९८९ची 'रेंट-अ-कॅब' योजना. गोव्यात दिसणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या अशाच परवान्याच्या व्यवस्थेतल्या. परवाना ज्याच्या हाती, त्याला अट घालता येते.

माझ्या सूचना अशा:

१. दुरुस्त होण्याजोग्या पंक्चरचा खर्च मालकाचा. ग्राहकाने वाटेत केलेला खर्च पावती पाहून परत द्यावा.

२. गाडी देताना व घेताना पाचही चाकांची छायाचित्रे व खाचांची खोली नोंदवावी. नोंद नसेल तर टायरपोटी वसुली नाही.

३. ग्राहकाचा दोष सिद्ध झाल्यास घसारा वजा करूनच आकारणी व्हावी. नव्या टायरचे बिल आणि जुना टायर ग्राहकाला द्यावा.

४. वादग्रस्त रक्कम वगळून उरलेली अनामत सात दिवसांत परत करावी.

५. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता यावी, यासाठी अधिनियमात दुरुस्ती करावी.

हे होईपर्यंत वाचकांनी गाडी घेताना चाकांची छायाचित्रे स्वतः काढून ठेवावीत, पैसे कापल्यास बिल व जुना टायर लेखी मागावा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अशा तक्रारी साचल्या तरच प्राधिकरणाला हालचाल करायला आधार मिळतो. पाचव्या सूचनेला संसद लागेल. पहिल्या चार मात्र ग्राहक व्यवहार विभाग आणि परिवहन मंत्रालय यांच्या टिपणीवर बसतात. मसुदा दोन पानांचाही होणार नाही.